फोटो सरळ करा, पण कडेला बघून!

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये, टीव्हीच्या वर, गेल्या वर्षीच्या फेअरवेलचा ग्रुप फोटो लावलेला आहे. बारा बाय आठ इंच, काळी फ्रेम. तो मी काढलेला आहे. "फोटो झकास आलाय", "एकदम प्रोफेशनल वाटतो" असं बरेच जण म्हणाले आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. पण त्या फोटोत एक व्यक्ती नाही. फोटो काढताना ती होती, प्रिंटमध्ये नाही. आणि हा उद्योग माझा आहे.

म्हणून हा लेख. विषय आहे लेन्समुळे फोटोत वाकड्या आलेल्या रेषा सॉफ्टवेअरने सरळ करणं. नाव ऐकून लगेच पान उलटू नका! सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं जर्नल उतरवून काढणाऱ्या माणसाला झेपणार नाही असं यात काही नाही.

तर झालं असं. फेअरवेलच्या दिवशी पोर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना उभं केलं. फायनल इयरवाले, आम्ही तेव्हाचे थर्ड इयरवाले, रेक्टर सर, ऑफिसमधले दोघं, वॉचमन काका. मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी खिडकीतून बघत होत्या. पोरांनी आरडाओरडा करून त्यांनाही बोलावलं. हात पदराला पुसत आल्या आणि अगदी उजव्या टोकाला उभ्या राहिल्या. "मावशी, मधे या ना," म्हटलं तर म्हणाल्या, "राहू दे रे, मी आपली हितंच बरी." फोटो क्लबचा डीएसएलआर होता आणि त्याला १८-५५ची नेहमीची किट लेन्स. माझ्या मागे बाइकचं स्टँड, त्यामुळे मागे सरकायला जागा नाही. लेन्स १८ मिमीवर नेली, सगळे कसेबसे मावले, पाच वेळा क्लिक केलं आणि "झालं!" म्हणून ओरडलो.

रात्री लॅपटॉपवर बघतो तर सगळ्यात खालची पायरी पोट सुटल्यासारखी मधे खाली आलेली. दोन्ही बाजूंचे पोर्चचे खांब कंसासारखे बाहेर फुगलेले. वरचा बीम मात्र जवळजवळ सरळ होता. (हा बीम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) मेकॅनिकलचा विद्यार्थी, वाकडी रेषा सहन कशी होणार? बसलो सरळ करत.

इथे थोडं टेक्निकल. लुडविग फॉन झायडेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८५०च्या दशकात लेन्सच्या दोषांचं गणित मांडलं आणि पाच दोष वेगळे करून दाखवले. त्यातल्या चारांमुळे फोटो कुठे ना कुठे धूसर होतो. पाचवा, म्हणजे डिस्टॉर्शन, वेगळ्या स्वभावाचा. तो काहीच धूसर करत नाही. प्रत्येक बिंदू स्पष्ट येतो, फक्त चुकीच्या जागी येतो. म्हणून ॲपर्चर लहान करून तो जात नाही, आणि म्हणूनच तो सॉफ्टवेअरने काढता येतो. मेसमध्ये आपलं ताट हरवणं आणि आपलं ताट शेजारच्या टेबलावर जाणं यात जो फरक, तोच इथे. सरकलेलं परत जागेवर ठेवता येतं.

रेषा बाहेर फुगल्या तर त्याला बॅरल म्हणतात, म्हणजे पिंपासारखं. आत दबल्या तर पिनकुशन, म्हणजे टाचण्या टोचायच्या उशीसारखं. मधे फुगून कडेला उलट वळल्या तर मिशीसारखं, आणि त्याला इंग्रजीतही मिशीच म्हणतात! साधी झूम लेन्स सगळ्यात रुंद टोकाला बहुतेक वेळा पिंप करते.

महत्त्वाची गोष्ट अशी की ही सरकासरक सगळीकडे सारखी नसते. ती मध्यबिंदूपासूनच्या अंतराच्या साधारण घनाने वाढते. आकडे घालून बघा. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो घेतला तर मध्यापासून कोपरा सुमारे ३६०० पिक्सेलवर येतो. समजा कोपऱ्यातला बिंदू तीन टक्के आत सरकलाय, म्हणजे १०८ पिक्सेल. मग त्याच्या अर्ध्या अंतरावर सरकणं अर्धं नाही, एक अष्टमांश, म्हणजे १३-१४ पिक्सेल. आणि उजव्या कडेच्या मधोमध साठेक पिक्सेल. थोडक्यात, मधे बसलेल्या रेक्टर सरांना काहीही होत नाही. जे काही व्हायचं ते कडेला उभं असलेल्यांचं होतं.

हे उलटं फिरवायला गिम्पमध्ये लेन्स डिस्टॉर्शन नावाचा फिल्टर आहे. फुकट आहे, आपल्या लॅबमध्येही टाकता येतो. त्यात मेन आणि एज असे दोन स्लायडर. मेन म्हणजे अंतराच्या वर्गाचं पद, एज म्हणजे चौथ्या घाताचं पद. एम-थ्रीमध्ये सिरीज एक्स्पान्शन करताना 'याचा आयुष्यात उपयोग काय?' असं विचारणाऱ्यांनी हे स्लायडर एकदा हलवून बघावेत. रूलरवरून एक आडवी गाइडलाइन ओढायची, ती पायरीवर ठेवायची आणि पायरी तिला चिकटेपर्यंत मेन सरकवत राहायचं. दहा मिनिटांत पायरी सरळ, खांब सरळ. मी खूश!

पण पिंप सरळ करायचं म्हणजे प्रत्येक बिंदू बाहेर ढकलायचा. फोटोची चौकट मात्र तेवढीच राहते. मग कडेचं काहीतरी बाहेर जाणारच. झूम स्लायडरने सगळं आत ओढलं तर कडा धनुष्यासारख्या आत वळतात, रिकाम्या पट्ट्या दिसतात आणि त्या कापाव्या लागतात. कुठूनही गेलात तरी हिशोब तोच. माझ्या फोटोत मावशींचा एक खांदा आणि पदराचा काठ बाहेर गेला. टोकाला अर्धवट माणूस बरा दिसत नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून क्रॉपची रेघ आणखी आत घेतली. डावीकडूनही तेवढंच कापलं, बॅलन्स साधायला. सॉफ्टवेअरने साठ पिक्सेल घेतले होते. बाकीच्या मावशी मी घेतल्या.

त्या वेळी माझ्या मनात मावशींचा विचारसुद्धा आला नाही, हे कबूल करतो. 'उजवी कड क्लीन करायची' एवढंच डोक्यात होतं. मग फाइल मेनूतला 'ओव्हरराइट' दाबला, कारण फोल्डरमध्ये एकाच नावाच्या चार फाइल्स मला आवडत नाहीत. बाकीच्या चार फ्रेममध्ये कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले, त्या डिलीट. कार्ड क्लबला परत, क्लबने पुढच्या इव्हेंटसाठी फॉर्मॅट केलं. सगळं कसं शिस्तीत!

तीन आठवड्यांनी जेवण वाढून झाल्यावर मावशी माझ्या टेबलाशी आल्या. "तो फोटो काढलावता ना रे, त्याची एक कॉपी दे की मला. नातीला दाखवायचाय, कुठं काम करते ते." मी ऐटीत वर जाऊन प्रिंट घेऊन आलो. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, मग जवळ आणला. उजव्या टोकापासून बोट फिरवत डावीकडे गेल्या, परत आल्या. मग म्हणाल्या, "मी नाय वाटतं यात." रागाने नाही. 'आज भाजी संपली' ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात. फोटो टेबलावर ठेवला, त्यावर पाण्याचा थेंब पडला होता तो पदराने टिपला आणि आत गेल्या.

त्या रात्री मी रिकव्हरीची दोन सॉफ्टवेअर चालवली. काही मिळालं नाही.

ही हकीकत सांगितली की मित्र दोन प्रकारे बोलतात. पहिला प्रकार म्हणजे, "म्हणूनच म्हणतो, एडिट करूच नये. फोटो आला तसा ठेवावा. बाकी सगळं फेक." दुसरा प्रकार म्हणजे, "हाताने करायला कोणी सांगितलं? ऑटोवर टाकायचं ना!" मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्याला माझं उत्तर म्हणजे तो बीम. पायरी आणि खांब सरळ झाल्यावर मी वर बघितलं, तर आधी जवळजवळ सरळ असलेला बीम आता मधे खाली लोंबताना दिसत होता. मला वाटलं मीच जास्त खेचलं. पण विचार करा. लेन्स गोल असते, तिचा दोष मध्याभोवती सारखा असतो. तळाची रेषा सरळ झाली तर तेवढ्याच अंतरावरची वरची रेषाही सरळ व्हायला हवी. ती होत नसेल तर लेन्सपलीकडे बघायला हवं. सिव्हिलच्या मित्राला घेऊन पोर्चमध्ये गेलो. स्टुलावर चढून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सुतळी ताणली. बीम मधे खरोखरच सुमारे दोन सेंटिमीटर खाली होता! मूळ फोटोत लेन्स बीमला वर फुगवत होती आणि बीम स्वतः खाली आला होता. दोन दोष एकमेकांना झाकत होते, म्हणून तो सरळ दिसत होता. मित्र म्हणाला, "काँक्रीट ओततानाच शटरिंग बसलं असेल, लगेच काही पडत नाही. पण लिहून दे." आम्ही रेक्टर ऑफिसात अर्ज दिला.

म्हणजे 'आला तसा' फोटो खरा नव्हता. तो खोटंच बोलत होता, फक्त आपल्या नकळत. लेन्सचा दोष मोजून काढून टाकणं म्हणजे फेकाफेकी नव्हे. वजनकाट्याची झीरो एरर आपण वजा करतोच ना? व्हर्नियरच्या प्रॅक्टिकलला करेक्शन लिहिलं नाही तर मार्क जातात, मग फोटोला वेगळा न्याय कशाला? प्रोजेक्टसाठी फोटोवरून भेगेची लांबी मोजणारे, रोबोट बनवणारे, ड्रोनने सर्व्हे करणारे यांना तर याशिवाय गत्यंतरच नाही.

पण अट आहे 'मोजून' काढण्याची. डोळ्याला बरं दिसेपर्यंत स्लायडर हलवणं म्हणजे करेक्शन नव्हे. मी पायरीऐवजी बीमवर गाइडलाइन ठेवली असती, तर पायरी वाकडीच राहिली असती आणि बीमचा दोष कायमचा लपला असता. वर पुन्हा मी म्हणालो असतो, "बघा, सरळ केलं!" ज्या रेषेच्या भरवशावर बाकी सगळं सरळ करायचं, ती रेषा खरंच सरळ आहे का, हे आधी बघायला हवं. अमेरिकेतल्या डुएन ब्राउन या फोटोग्रामेट्रीतल्या माणसाने १९७१ साली यासाठी काय वापरलं माहितेय? ओळंबे! आपले गवंडी वापरतात तेच. टांगलेल्या दोऱ्यांचे फोटो काढायचे. दोरी सरळ आहे याची हमी गुरुत्वाकर्षण देतं, त्यामुळे फोटोत ती जेवढी वाकडी दिसेल तेवढा दोष लेन्सचा. २००० साली झेंगयू झांग यांनी मांडलेली पद्धत आज जास्त चालते. बुद्धिबळाच्या पटासारखा छापील कागद वेगवेगळ्या कोनांतून टिपायचा आणि गणित कॉम्प्युटरने करायचं. ओपनसीव्हीमध्ये ते तयार मिळतं. एक दुपार लागते.

आता दुसरा प्रकार, ऑटोवाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकांनी १९९८ साली पॅनोरमा टूल्स मोकळी करून दिली, २००५च्या फोटोशॉप सीएस-टूमध्ये लेन्स करेक्शनचा फिल्टर आला आणि २०१० पासून लाइटरूममध्ये लेन्सचं प्रोफाइल निवडलं की काम आपोआप होऊ लागलं. २००८च्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांपासून तर लेन्स बनवणारेच थोडं पिंप मुद्दाम राहू देतात, कारण ते पुढे सॉफ्टवेअर काढणार हे धरलेलं असतं. लेन्स त्यामुळे लहान आणि स्वस्त होते. आज आपल्या खिशातला फोनही बहुतेक वेळा फोटो सरळ करूनच दाखवतो. प्रोफाइल मोजून बनवलेलं असतं, त्यामुळे ते माझ्या डोळ्यापेक्षा शंभर पटीने भरवशाचं. पण त्याला फक्त लेन्स माहीत असते. उजव्या टोकाला कोण उभं आहे, हे त्याला माहीत नसतं. ते बघणं आपलं काम.

आणि ऑटोने सगळं सुटतं असंही नाही. माझा रूममेट डाव्या टोकाला होता. कापाकापीतून थोडक्यात वाचला. तो फोटो बघून अजून विचारतो, "मी एवढा जाड आहे का रे?" रोज सात पोळ्या खातो, त्यामुळे उत्तर देताना काळजी घ्यावी लागते, पण इथे दोष खरंच पोळ्यांचा नाही. लेन्सचाही नाही. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर कडेच्या गोल वस्तू लांबटणारच, हे प्रोजेक्शनचं गणित आहे. मध्यापासून जेवढा कोन, त्याच्या कोसाइनने एकला भागा. १८ मिमीला अशा कॅमेऱ्याच्या कडेचा कोन सुमारे ३३ अंश येतो, म्हणजे चेहरा उंचीच्या मानाने जवळजवळ वीस टक्के रुंद. फोनच्या १२० अंशांच्या अल्ट्रावाइडमध्ये अगदी कोपऱ्यात ६० अंश, म्हणजे दुप्पट! नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे, त्याच्याच जातीचा हा प्रश्न. गोलावरचं सपाटीवर पसरायचं तर काही ना काही बिघडणारच, हे गाउसने १८२७ सालीच सिद्ध करून ठेवलंय. रेषा वाचवल्या तर चेहरे बिघडतात, चेहरे वाचवले तर रेषा. २०१९ साली गूगलच्या संशोधकांनी यावर मधला मार्ग दाखवला. चेहरे शोधून तेवढ्याच भागात वेगळं प्रोजेक्शन आणि बाकी ठिकाणी रेषा सरळ. म्हणजे तिथेही आधी ठरवावंच लागलं की भिंत महत्त्वाची की माणूस.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. करेक्शनची किंमत असते आणि ती नेहमी कडेचे देतात. मधले देत नाहीत. फोटोत मधे कोण असतं आणि कडेला कोण असतं, हे काही गणिताने ठरत नाही. ते आपण ठरवतो, किंवा "मी हितंच बरी" म्हणून कोणीतरी आपल्यासाठी ठरवून टाकतं. त्यामुळे सरळ रेषेसाठी काय द्यायचं, हे स्लायडर हलवण्याआधी बघायला हवं. नंतर बघितलं की उपयोग नसतो.

यंदा फेअरवेल आमचं आहे. फोटो कुणी तरी ज्युनियर काढेल. त्याला चार गोष्टी सांगून ठेवतो. एक, आदल्या दिवशी बाइका हलवायला लाव आणि मागे जा. ३५ मिमीवर काढलास तर पिंप नावालाच उरतं आणि टोकाचा चेहरा पाचेक टक्केच रुंदावतो. निम्मं करेक्शन पायांनी होतं! दोन, दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोड. कापायचं असेल तर भिंत कापली जावी. तीन, करेक्शन मोजून कर आणि आधी चारही कडा झूम करून बघ. चार, मूळ फाइलला हात लावू नकोस. नाव बदलून सेव्ह कर, आणि सगळ्या फ्रेम्स ठेव, डोळे मिटलेल्यासुद्धा. हार्ड डिस्कवरची जागा स्वस्त आहे.

मावशींचा फोटो मी नंतर काढला. एका रविवारी दुपारी, मेस बंद झाल्यावर, हॉस्टेलवर होते तेवढे सगळे त्याच पायऱ्यांवर. त्या परत टोकालाच जात होत्या, दोघांनी हाताला धरून मधे आणलं. प्रिंट दिली तेव्हा खूश झाल्या. नातीला दाखवलाही म्हणे. मग प्रिंटवर बोट ठेवून विचारलं, "आणि ती जुनी पोरं कुठायत यात? तो उंच, चष्मेवाला, रोज जास्तीची पोळी मागणारा?" तो आता बंगळुरात आहे. बाकीचेही असेच कुठे कुठे. ते सगळे आणि मावशी एका चौकटीत असलेला फोटो जगात एकच होता.

कॉमन रूममधला फोटो उतरवावा का, असं मी रेक्टर सरांना विचारलं होतं. "राहू दे," म्हणाले. तो आहे तिथेच आहे. पायरी अगदी सरळ आहे त्यात. पुढच्या वेळी टीव्ही बघताना उजवी कड जरूर बघा.